धामणवाडीची बाटली

१

गुणाबाईची तक्रार एवढीच होती, की गोदाला पाहुण्याला पाणी देता येत नाही.

"सून आनली," ती भेटेल त्याला सांगायची, "पन पानी द्यायची अक्कल तिच्या आईनं माहेरीच ठेवून घेतली."

झालं होतं असं. दिवाळीनंतर पनवेलच्या एका संस्थेच्या अरुंधती मॅडम वाडीत आल्या, त्या गुणाबाईच्याच पडवीत बसल्या. वाडीत कोणीही मोठं माणूस आलं की तिथंच बसायचं, हा रिवाज. आणि गोदाने त्यांच्या हातात विहिरीच्या पाण्याचा पेला ठेवला. पिवळट पाणी, वर तेलकट तवंग. मॅडमनी पेल्याकडे बघितलं, बघत राहिल्या, आणि न पिता हळूच खाली ठेवला. गुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमची गाडी वळणाआड जाते न जाते तोच तिने अख्ख्या वाडीसमोर सुनेला उभं केलं. "या घरातनं पाहुन्याच्या हातात परत घान पानी गेलं, तर तुझं तोंड बघनार नाय मी!"

पण मॅडमनी राग धरला नाही. डोंगराच्या वरच्या अंगाला फार्महाऊसं झाल्यापासून त्यांचं सांडपाणी ओढ्यात येत होतं आणि ओढ्याचं विहिरीत. वाडीतली तीन पोरं काविळीने पिवळी पडली होती. त्यांतली एक गोदाचीच रोशनी, सात वर्षांची. अशा वाड्यांसाठी संस्थेकडे तातडीचा निधी होता. कोंडावरच्या, म्हणजे वाडीमागच्या टेकाडावरच्या, झऱ्याचं पाणी नळीने खाली आणायचं, वाडीत टाकी बांधायची. अट एकच. विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही, असा तपासणीचा कागद हवा. शुक्रवारी संध्याकाळी समितीची बैठक होती. निधी एकाच वाडीला पुरेल एवढा, आणि रांगेत वाड्या चार.

बुधवारी सकाळी अंगणवाडीच्या प्रमिलाताई तो कागद घेऊन आल्या. वाडी पडवीसमोर जमली. गुणाबाई दोनच यत्ता शिकलेली. सही करताना चार अक्षरं घाम येईस्तोवर काढायची. पण माणसाचा चेहरा तिला छापील अक्षरापेक्षा बरा वाचता येई. प्रमिलाताईंचा चेहरा काही बरा नव्हता.

"वाच की. गिळू नको."

"आजी, यात लिहिलंय... पाणी पिण्यास योग्य आहे."

गुणाबाईने कागदावर बोट ठेवलं.

"पुढं?"

"जंतू नाहीत. गढूळपणा नाही. खाली शेरा आहे, मुळांसारखे बारीक तंतू आढळले. बस."

"मुळं उंबराची," कोणीतरी म्हणालं. विहिरीवर उंबर होता, त्याची मुळं पाण्यात लोंबत. "म्हंजी पानी आपल्याच इहिरीचं."

"आपल्या इहिरीचं पानी पिन्याजोगं?" गुणाबाई उसळली. "मग माझी नात पिवळी कशानं पडली, हळद लावून? वीस बायांच्या डोळ्यांसमोर पंचायतीच्या अंकुशनं बाटली भरली. गेली तवा पिवळी, पोचली तवा पांढरी! मधे कोनीतरी बदलली."

मागे काहीतरी घरंगळत गेलं. गोदाच्या हातचा तांब्या.

"येवढंबी धड धरता येत नाय," गुणाबाई वळूनही न बघता म्हणाली, आणि पायात चपला सरकवल्या.

२

अंकुश ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. म्हणजे सात वाड्यांच्या विहिरींत औषध टाकायचं, बाटल्या भरायच्या, तपासायला पोचवायच्या. धामणवाडीच्या विहिरीत टाकायला औषध मात्र सहा महिन्यांत आलं नव्हतं. गुणाबाईने त्याला पंचायतीच्या पायरीवर गाठलं.

"बस खाली. उभ्यानं खोटं बोलायला सोपं जातं."

"आजी, मी काय केलंय?"

"तेच इचारायला आले. बाटली कसली व्हती?"

अंकुश ओशाळला. "खरं सांगू? तपासनीच्या बाटल्या संपल्या व्हत्या. दुकानातली पान्याची बाटली विसळून घेतली. लिटरची."

"तू पितोस तसली?"

"तसलीच. पन भरली तुमच्यासमोर. ऊन लागू नये म्हनून वल्या गोनपाटात गुंडाळली."

"मग?"

"मग तुमी जेवायला बसवलं. मी नको नको म्हनत व्हतो."

"माझ्या दारातनं मानूस उपाशी जात नाय! बाटली कुठं व्हती तवा?"

"पडवीत. पिशवीत ठेवली, तोंड वर. आत बसून तुमची सुकटीची चटनी खाल्ली, बाहेर आलो, वहिनीकडनं सुतळी मागितली न् चिठ्ठी बाटलीच्या गळ्याला बांधली."

"म्हंजी जेवलास तवर तिच्यावर नाव ना गाव."

"नव्हतं," अंकुश मान खाजवत म्हणाला. "पन पडवीतनं कोन नेनार? बाटली व्हती तिथंच व्हती. गोनपाट काय मी सोडून बघितलं नाय."

"तिथनं सरळ पनवेल?"

आता अंकुशची नजर पायरीवरून खाली उतरली.

"फाट्यावर थांबलो जरा. चहा पाजला."

"कोनी?"

"परेशशेठनी. बाटली गाडीला टांगलेली व्हती... धा मिनिटं. जास्त नाय."

गुणाबाई ताडकन उठली. परेशशेठचे टँकर वाडीला पाणी विकायचे. वाडीत नळ आला, तर त्याचं काय होणार, हे सांगायला कोणी शिकलेला माणूस लागत नव्हता.

३

परेश फाट्यावर टँकर धुऊन घेत होता. धुणारा कोण, तर वाडीतलाच चांगो. कोंडावरून येणारी नळी चांगोच्या भाजीच्या वाफ्यांतून जाणार होती, आणि "माझ्या वांग्यांवरनं नळी गेली तर बघून घेईन" असं तो दोनदा म्हणाला होता. दोघं संशयित एकाच ठिकाणी, एकाच पाण्यात पाय भिजवून उभे. गुणाबाईला बरं वाटलं, खेपा वाचल्या.

"आजी, चहा?" परेश हसला.

"तुझा चहा महाग पडतो. अंकुशला इचार."

परेशचं हसणं मावळलं नाही. "कळलं. वाडीत बोभाटा झालाच आहे. हे बघा, माझे चाळीस टँकर रोज रोडपालीच्या सोसायट्यांना जातात. तुमच्या वाडीला आठवड्याला एक, तोही उधारीवर. त्या एकासाठी मी बाटल्या बदलत बसू?"

"कुत्र्याला हाडाची गरज असतेच असं नाय. सवय असते."

चांगो फिस्सकन हसला आणि लगेच टँकरच्या आड झाला.

"बदलली असती तर कशानं बदलली असती?" परेशही आता चिडला. "माझ्याकडे टँकरचंच पाणी. चाखून बघा!" त्याने तोटी सोडली. गुणाबाईने ओंजळ धरली, नाकाशी नेली. औषधाचा उग्र वास नाकात चढला. रोडपालीच्या इमारतींत भांडी घासायला जायची तेव्हापासूनचा ओळखीचा. तिने पाणी सोडून दिलं आणि हात लुगड्याला पुसले.

"चांगो, इकडं ये. लपल्यानं तू बारीक नाय दिसत."

चांगो आला.

"बाटली भरली त्या दिवशी तू वाडीत व्हतास?"

"व्हतो की. तुझ्याच दारात आलो व्हतो, तंबाखू मागाया. आत सायेब जेवत व्हता, म्हनून परत फिरलो."

"पडवीत शिरलास?"

"नाय. गोदा बसली व्हती ना तिथं, हंड्यापाशी. माझ्याकडं अशी बघाय लागली, जसा काय मी कोंबडी चोराया आलोय."

म्हणजे गोदा होती तोवर चांगोला बाटलीला हात लावता आला नसता. गुणाबाईने मनातल्या मनात त्याचं नाव अर्धं खोडलं. पहिल्यांदाच सून कामाची निघाली होती, असंही तिला वाटून गेलं.

त्या दिवशी तिचं एका जागी बूड टेकेना. मिसरी लावली, थुंकली, परत लावली. दारातून विहिरीपर्यंत गेली, तिथून परत. रोशनी गोधडीवर पडून आजीच्या येरझारा मोजत होती. पोरीचे डोळे अजून हळदीसारखे होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला झऱ्याचंच पाणी, विहिरीचा थेंब नको. म्हणून गोदा रोज कोंड चढायची. जायला-यायला दोन तास, आणि झरा एवढा बारीक की एक हंडा भरायला आणखी एक.

"आये," गोदा म्हणाली, "चोर सापडला नाय, तर काय व्हईल?"

"न सापडायला काय झालं? उद्या जाते पनवेलला. बाटलीच बघते."

गोदाने तोंड फिरवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. जेवत नाही म्हणूनही गुणाबाई तिला बोललीच.

४

संस्थेचं ऑफिस पनवेलच्या एसटी स्टँडपासून चालत. गुरुवारी दुपारी गुणाबाई प्रमिलाताईंना घेऊन तिथं धडकली, आणि खुर्ची दिली तरी बसली नाही.

"मॅडम, पानी बदललंय."

अरुंधती मॅडम थकलेल्या दिसत होत्या. "आजी, मला तुमचं पटतंय. पण समितीसमोर माझं पटणं चालत नाही. कागद लागतो. बाकी तीन वाड्यांचे कागद आलेत, तिन्ही पाणी अयोग्य."

"परत तपासा."

"त्याला कारण लागतं. नमुन्यात गडबड झाली हे मला माहीत हवं. कोणी केली, कशी केली. नुसत्या संशयावर मी बैठक नाही थांबवू शकत."

गुणाबाईने टेबलावर हात आपटला. पेनं उडाली. "उद्या दुपारी वाडीत या. चोर तुमच्यापुढं उभा करते, अख्ख्या वाडीसमोर. नाय केला, तर गुनाबाई नाव लावनार नाय!"

प्रमिलाताईंनी हळूच तिचा पदर ओढला. उपयोग नव्हता; शब्द तोंडातून सुटला होता, आणि गुणाबाईचा सुटलेला शब्द आजवर परत आला नव्हता.

मॅडमनी समोरची डायरी उघडली. "ठीक आहे. उद्या एक वाजता."

"आता मला ते पानी दावा."

उरलेलं पाणी त्यांच्याकडे राखून ठेवलेलं होतं. अर्धी बाटली, गळ्याला गोदाने दिलेल्या सुतळीने बांधलेली अंकुशची चिठ्ठी. गुणाबाईने बाटली उजेडात धरली. काचेसारखं पाणी. तळाशी दोन-तीन तंतू तरंगत होते, तांबूस, केसांसारखे.

तिच्या कपाळाला आठी पडली. उंबराची मुळं विहिरीत कुजून काळी होतात, शेवाळाने बुळबुळीत. ही काळी नव्हती.

तिने झाकण काढलं आणि नाक लावलं.

औषधाचा वास नाही. म्हणजे टँकर नाही, परेश सुटला. सुटला याचं तिला वाईट वाटलं. तिने परत हुंगलं, या वेळी डोळे मिटून.

आणि बाटली कलली. पाणी टेबलावर सांडलं.

"आजी?" मॅडम उठल्या. "काय झालं? ओळखलंत का?"

गुणाबाईने झाकण घट्ट लावलं. बाटलीतून तिच्या स्वतःच्या घराचा वास येत होता.

"उद्या या," ती एवढंच म्हणाली, आणि उंबरठ्याला ठेचकाळत बाहेर पडली.

५

वाळा. तिच्या मालकाने मरायच्या आधी ओढ्याकाठी लावलेला. त्याची मुळं धुऊन, जुडी बांधून ती एकाच हंड्यात टाकायची. पडवीतला पितळी, झऱ्याच्या पाण्याचा, पाहुण्यांचा. दुसऱ्या कोणाच्या घरी वाळ्याचं पाणी नव्हतं, आणि हे सांगायची संधी ती कधी सोडत नसे.

म्हणजे बाटली फाट्यावर बदललीच नव्हती. ती बदलली होती पडवीत, ती स्वतः आत अंकुशच्या ताटात भाकरी वाढत असताना. आणि पडवीत हंड्यापाशी कोण बसलं होतं, हे चांगोने सांगितलं होतंच.

एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून होती. प्रमिलाताईंना वाटलं, आजीला गाडी लागली.

घरी गोदा चुलीशी होती. गुणाबाई समोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुरुवात कशी करावी ते सुचेना.

"बाटली तू वतलीस," शेवटी ती म्हणाली.

गोदाने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही.

"कुनी पैसं दिलं?"

"आये!" गोदाने झटकन वर बघितलं. "पैसं कोन देनार मला?"

"मग का?"

"मी त्या दिवशी कोंडावर व्हते. इहिरीवर काय झालं ते बघितलं नाय. हंडा घेऊन खाली आले, तर पडवीत सायबाची पिशवी. आत पान्याची बाटली, दुकानातली. गोनपाट सोडून बघितलं तर आत इहिरीचं पानी. पिवळं." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, कुनीतरी सायबाची प्यायची बाटली भरून दिलीय. वाटंत उघडंल, बघंल, न् म्हनंल, गुनाबाईच्या घरातनं दिलं."

गोदाने हातातला चिमटा खाली ठेवला.

"तुमी म्हनला व्हता ना, परत घान पानी गेलं तर तोंड बघनार नाय. म्हनून वतून दिलं, न् हंड्यातलं भरलं. चिठ्ठी नंतर बांधली त्यानं, न् मला वाचता कुठं येतं? बुधवारी प्रमिलाताईनं कागद वाचला तवा कळलं, मी काय करून बसले ते."

"हंड्यात किती व्हतं तवा?"

गोदाने चुलीत फुंकर घातली.

"किती व्हतं, गोदे?"

"येक लिटरच. आदल्या दिवसाचं उरलेलं. डोक्यावरचा हंडा वाटंत कलंडला व्हता, म्हनून रिता आला व्हता. ते रोशनीला ठेवलेलं." तिने पदर तोंडात कोंबला. "मग परत गेले वर."

आत रोशनी झोपेत कण्हली. गुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. घरात ती दोन दिवसांत पहिल्यांदाच बसली होती.

वाचायचा रस्ता सोपा होता. उद्या परेशचं नाव घ्यायचं. सगळी वाडी मान डोलवेल, अंकुशची दहा मिनिटं साक्षीला आहेतच, मॅडमही मानतील. घराचं नाव राहील, सुनेचं राहील, हंड्याचंही राहील. फक्त ते खरं नव्हतं. आणि बाटली हुंगलेलं दुसरं कोणी नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं.

६

शुक्रवारी एक वाजता मॅडम उंबराखाली खुर्चीवर बसल्या. अंकुश आला, चांगो आला, टँकर बाजूला लावून परेशही हाताची घडी घालून उभा राहिला. वाडीतली सगळी पोरंबाळं. रोशनीला कोणीतरी कडेवर आणलं होतं.

"चोर कुठाय, गुनाबाय?" चांगो म्हणाला. "का वाटंत पळाला?"

"तुझ्यासारखा पळपुटा नाय तो." गुणाबाई पुढे झाली. "मॅडम, परेशशेठनं बाटलीला हात लावला नाय. टँकरच्या पान्याला औषधाचा वास असतो, तुमच्या बाटलीला नव्हता. चांगोला तर पडवी चढायचीबी हिंमत झाली नाय. बाटलीत वाळ्याची मुळं व्हती. अख्ख्या वाडीत वाळा येकाच हंड्यात असतो. माझ्या."

कुजबूज उठली. गोदा कुडाकडे सरकली.

"अंकुशची बाटली दुकानातली, चिठ्ठी नसलेली. माझ्या सुनंला वाटलं, पाहुन्याचं प्यायचं पानी घान भरलंय. तिनं ते वतून झऱ्याचं भरून दिलं."

"बघा! म्हंजी चोर घरातच," चांगो हसला.

"हसू नको, अजून संपलं नाय." गुणाबाईने घसा खाकरला. पुढचं वाक्य कोंडाच्या चढापेक्षा अवघड होतं. "तिनं दिलं, कारन मी तिला याच जागी सगळ्यांदेखत झोडपली व्हती. तुमाला घान पानी दिलं म्हनून. अंकुशला जेवायला बसवला मी. हंडा माझा, वाळा माझा, तोरा माझा. मॅडम, चोर आनते म्हनले व्हते ना? आनलाय. बघून घ्या."

परेशने हाताची घडी सोडली. कोणी हसलं नाही; चांगोसुद्धा.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "आजी, एक सांगू? त्या दिवशी गोदाने मला जो पेला दिला ना, तो बघूनच मी धामणवाडीचं नाव यादीत घातलं. तुम्ही झऱ्याचं पाणी दिलं असतंत, तर मी पिऊन निघून गेले असते."



मॅडमनी फोन लावला. "हो, मीच बोलतेय. धामणवाडीवर आज निर्णय नको. नमुना चुकला, कसा चुकला ते मला कळलंय. मी स्वतः बाटली भरून आणतेय... हो, सोमवारपर्यंत. नाही, निधी तोवर कोणाला द्यायचा नाही." त्यांनी फोन ठेवला आणि पिशवीतून मोहोरबंद बाटली काढली. "अंकुश, पोहरा सोड. आणि आज जेवायला थांबायचं नाही."

"नाय, नाय," अंकुश घाईने म्हणाला.

पोहरा खाली गेला, पिवळं पाणी घेऊन वर आला. बाटली भरली. उरलेलं पाणी पोहऱ्यात हलत राहिलं. गोदा लांब, कुडाला पाठ लावून, जमिनीकडे बघत उभी होती.

गुणाबाईने घरातून पेला आणला, लुगड्याच्या पदराने लख्ख पुसला, पोहऱ्यात बुडवून भरला, आणि सगळ्या वाडीतून चालत जाऊन तो सुनेच्या हातात ठेवला.

"गोदे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "लेकीच्या तोंडचं पानी पाहुन्याला देनारी सून येडी. पन सासूच्या भ्यानं तिला तसं करावं लागलं, ती सासू सात येड्यांची येडी. सगळ्यांसमोर बोलले व्हते, सगळ्यांसमोर सांगते. तू पयल्या दिवशी दिलंस तेच पानी बरोबर व्हतं. जा, मॅडमला नेऊन दाव. न् मान खाली घालून नको. वर करून."